लग्नाच्या हॉलमधली शांतता

सोमवार, २ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खाली चहाला गेल्या, तेव्हा मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि एक जोरात टाळी वाजवली. हात खाली आले तरी हॉल वाजतच होता. आवाज आरशांच्या भिंतीला लागला, तिथून स्टेजकडे गेला, मग वर पत्र्याला, आणि कुठेतरी कोपऱ्यात जाऊन विरला. दुसरी टाळी वाजवणार एवढ्यात जिन्यावरून सावळारामशेठ वर आले.

"कोणाचं लागलं लगीन? आमाला बोलावलं नाय!"

हे त्यांचंच मंगल कार्यालय. महामार्गावर मोठे एसी हॉल झाले, तशी इथली लग्नं कमी झाली. मग त्यांनी हा वरचा हॉल आमच्या संस्थेला भाड्याने दिला. खाली गुळगुळीत फरशी, दोन बाजूंना आरसे, वर पत्रा. बँड वाजावा म्हणून बांधलेली जागा. त्यात आम्ही आठजणी दिवसभर फोनवर बोलत बसतो. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर ज्या बायका गरोदर आहेत त्यांना फोन करायचा, तब्येत विचारायची, तपासणीची आठवण करायची, वेळ आली की गाडीची सोय करायची. मी इथली समन्वयक. माझं टेबल स्टेजवर आहे, नवरा-नवरीच्या खुर्च्या असायच्या तिथेच. म्हणून आमच्यातली रंजिता मला नवरीबाई म्हणते.

सकाळी ठाण्याहून अनिता मॅडमचा फोन होता. त्या तिथे बसून आमची रेकॉर्डिंग ऐकतात. म्हणाल्या, "नम्रता, एक बाई बोलते आणि तिच्यामागे सात बायका बोलतात. मला काही कळत नाही, तर त्या पाड्यावरच्या बाईला काय कळणार?"

खरंच आहे. पलीकडून "कोन? कोन बोलतंय?" एवढंच येतं आणि फोन बंद होतो.

मी फिजिक्सची पदवीधर. आमच्या घरातली पहिली पदवी. बाबांनी प्रमाणपत्र देवांच्या फोटोंच्या ओळीत लावलंय आणि सणाला त्यालाही फूल वाहतात. त्या पदवीचा उपयोग आजवर शेजाऱ्यांना लाईटचं बिल समजावून सांगण्यापुरता झाला. पण ध्वनीचा धडा मला अजून येतो. कडक गोष्टी आवाज परत फेकतात, मऊ गोष्टी पिऊन टाकतात. या हॉलमध्ये एकही मऊ गोष्ट नाही.

मी हे करणार.


गुरुवार, ५ डिसेंबर

आज प्रत्येकीच्या जागेवर पाच-पाच मिनिटं बसून ऐकलं. सर्वांत वाईट जागा रविनाची. मागचा कोपरा, आणि तिथे लग्नातला तो मोठा फर्राटा पंखा. त्याची जाळी सैल झालीय, मोटारसायकल सुरू करून ठेवल्यासारखा खडखडतो. या थंडीतही तो चालूच. मी विचारलं तर म्हणाली, "मला उकडतं, ताई." अंगात तर स्वेटर होता.

रविना डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची. बारावी झालेली, बोलायला कमी, डोळ्याला डोळा देत नाही. मीच तिची निवड केली. मला तिच्यात मी दिसते, हे इथे लिहायला हरकत नाही. त्या खडखडाटातही तिचं काम सगळ्यांत चांगलं. भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून बोलत असते. काय बोलते ते पंख्यामुळे कोणालाच ऐकू येत नाही, पण तिच्या बायका तपासणीला येतात.

त्यातली एक भिमी. मागच्या वर्षी तिला कळा सुरू झाल्यावर झोळीत घालून डोंगर उतरवत होते. बाळ वाटेतच गेलं. तेव्हापासून ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. या खेपेला जानेवारीच्या शेवटी दिवस भरतात. तिने आठ-दहा दिवस आधी खाली येऊन दवाखान्याशेजारच्या खोलीत राहायला हवं. कोणाचा फोन घेत नाही, रविनाचा घेते. "येईल ती," रविना म्हणाली, "हळूहळू येईल."

अशा मुलीला मी त्या कोपऱ्यात बसवलंय, याचं वाईट वाटलं.

दुपारी आईचा फोन आला. हॉलमध्ये आवाज फार, म्हणून जिन्यात जाऊन घेतला.


सोमवार, ९ डिसेंबर

रविवारी घरी गेले होते. भात झोडून झालंय, घरामागे पेंढ्याची उडवी उभी आहे. तिच्यावर टेकून सिद्धगडाकडे बघत बसले होते, तेवढ्यात आई ओट्यावरून काहीतरी म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. चार हातांवर होती. पेंढ्याने तिचा आवाज पिऊन टाकला होता! मी उडी मारून उठले.

बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोकरी करतस का हापिसात गोठा बांधतस?" पण आज टेम्पोत पेंढा आला. सुतळीने नीट बांधलेला, सारख्या जुड्या. लाकडी चौकटींत पेंढा भरला, वरून जाळीचं कापड ठोकलं. आठहीजणी थांबल्या होत्या. रंजिता म्हणाली, "नवरीबाई, दावणीला कोणाला बांधायचं तेवढं सांगा."


शुक्रवार, १३ डिसेंबर

पेंढ्यात लोंब्या राहिल्या होत्या. बाबांनी घाईत झोडलेल्या जुड्या दिल्या असणार.

चिमण्या आल्या. खिडकीच्या वरच्या फटीतून शिरतात, जाळी टोकरतात आणि दाणा काढून तिथेच बसून भांडतात. जनाने फोनवर एका बाईला लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, तुमचं हापिस रानात हाय का?" शिवाय सगळ्यांच्या अंगाला खाज.

आवाज कमी करायला पेंढा आणला आणि आवाज करायला चिमण्या आल्या. अनिता मॅडमना सांगितलं नाही. संध्याकाळी चौकटी काढून खाली ठेवल्या. सावळारामशेठची म्हैस तेवढी खूश आहे.

फार नाही, पण थोडं रडले. मला वाटलं होतं शिकलेलं एकदा तरी सरळ कामाला येईल.


सोमवार, १६ डिसेंबर

सावळारामशेठनी बोलावलं. खालच्या कोठीचं दार उघडून म्हणाले, "पेंढा मऊ लागतो, मंग ही काय दगडं हायेत?"

आत लग्नाच्या गाद्या. वऱ्हाडाला झोपायला द्यायच्या त्या, कापसाच्या, लाल खोळींच्या, छतापर्यंत रचलेल्या. मी दोन्ही हातांनी एक गादी दाबून बघितली. रोज यांच्या शेजारून जिना चढत होते.

"आता पौष लागंल. पौषात कोन लगीन करतो? लाव भिंतीला. पन चैत्रात उतरवून द्यायच्या. आणि खिळा गादीत मारायचा नाय, पट्टीत मारायचा."


शनिवार, २१ डिसेंबर

झालं!

आरसे झाकले, स्टेजच्या मागची भिंत झाकली, पत्र्याखाली मांडवाचं जुनं कापड दुहेरी ताणलं. प्रत्येक गादीवर पांढऱ्या अक्षरांत 'सावळाराम मंगल कार्यालय' छापलेलं आहे, चोरीला जाऊ नये म्हणून. त्यामुळे हॉल आता जरा विचित्र दिसतो. पण टाळी वाजवली आणि टाळी तिथेच संपली. परत वाजवली. पुन्हा तेच. रंजिता म्हणाली, "अगो, कानाला दडे बसले का काय माझ्या?" मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवून पाहिल्या.

एक काम उरलं होतं, तेही केलं. फर्राटा पंखा खाली पाठवला आणि रविनाला त्या कोपऱ्यातून काढून मधल्या ओळीत, सगळ्यांत चांगल्या जागी बसवलं. दोन्ही बाजूंना गादी, समोर उजेड. तिला आधी सांगितलं नव्हतं, म्हटलं खूश होईल.

ती म्हणाली, "ताई, पंखा राहू दे ना."

"अगं, थंडीत कशाला पंखा?"

"मी तिथेच बरी आहे. खरंच."

तिला चांगली जागा घ्यायचा संकोच वाटतो. मला ठाऊक आहे ते. कॉलेजात पहिलं वर्षभर मीही शेवटच्या बाकावर बसायचे. मी तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "ही जागा तुझी. कोणी उठवणार नाही."


सोमवार, २३ डिसेंबर

शांततेचा पहिला दिवस. प्रत्येकीचं बोलणं वेगळं, स्वच्छ ऐकू येतं. शेवटच्या ओळीतली जना बोलते ते स्टेजवर मला शब्द न् शब्द कळतं. हा चमत्कार मी केला, असं दिवसभर मनात येत होतं. हे फक्त इथे लिहिते.

दुपारी मजा झाली. रविना भिमीशी बोलत होती आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आम्हाला तिचं बोलणं ऐकू आलं. "भिमे, खाल्लास का गो? पाय सुजलं का कसं? दाखव त्या आशाताईला, लाजू नको." फोन ठेवल्यावर रंजिताने लगेच तिची नक्कल केली, तोच हेल, तीच मान. "खाल्लास का गो, भिमेऽऽ!" हुबेहूब. सगळ्या हसल्या. रविनाही हसली, ओढणीने तोंड झाकून. आमच्यात असा मोकळेपणा कधी नव्हता. पूर्वी त्या गोंगाटात कोणाला कोणाचं काही ऐकूच यायचं नाही, मैत्री कशी होणार?

आईचा फोन आला. सवयीने जिन्यात गेले.


शुक्रवार, २७ डिसेंबर

अनिता मॅडमनी कौतुक केलं. "आता रेडिओसारखं येतंय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ती रविना. तिचं बोलणं आता स्पष्ट ऐकू येतं ना, तर ते फारच गावठी वाटतं गं. रेकॉर्डिंग वर जातात. तिला जरा नीट बोलायला शिकव. तू शिकवशील, मला खात्री आहे."

मी हो म्हटलं. मॅडम वाईट मनाने बोलत नाहीत. आणि शिकवायचं म्हणजे कमीपणा नाहीच. मुरबाडला कॉलेजात मी पहिल्यांदा उभी राहून 'नाय' म्हणाले, तेव्हा वर्ग कसा हसला होता, ते मला आठवतं. कोणी हात धरून शिकवलं असतं तर मला ते वर्ष एकटीने काढावं लागलं नसतं.


शुक्रवार, ३ जानेवारी

डबा खाऊन झाला की मी आणि रविना स्टेजवर बसतो. मी भिमी होते आणि ती मला फोन करते. "नमस्कार. मी आरोग्य सेवेतून बोलते आहे. आपली तब्येत कशी आहे?" ती फार पटकन शिकते. आधी 'न' आणि 'ण'ला अडायची, आता नाही. आज तिने नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण आणलं होतं, अर्धं मला दिलं. खाताना म्हणाली, "ताई, तुम्ही कुठे शिकलात असं बोलायला?"

"तुझ्यासारखीच. ऐकून ऐकून."

"मग घरी कसं बोलता?"

एवढ्यात फोन वाजायला लागले. सुट्टी संपली होती.


बुधवार, ८ जानेवारी

भिमीने दोनदा फोन कापला. रविना म्हणते नेटवर्क नसेल. भिमीच्या पाड्यावर मोहाच्या झाडाखाली तेवढं नेटवर्क येतं, हे खरं आहे.

रविना वाळलेली दिसते. स्वेटरही घालत नाही आता. विचारलं तर म्हणाली, काही नाही.


सोमवार, १३ जानेवारी

आज मीच भिमीला फोन केला. उचलला. मी अगदी प्रेमाने, हळू, एकेक शब्द स्पष्ट उच्चारून बोलले. तिला सगळं ऐकू जात होतं, कारण मला तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कोंबड्या होत्या. मी सांगितलं, "पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो, आपण खाली यावं. घाबरण्याचं कारण नाही." मग फोन बंद.

लाइन इतकी स्वच्छ होती. मला कळत नाही मग कमी काय पडतंय.

रविनाच्या बाकीच्या बायकाही गळायला लागल्यात. मॅडमनी विचारलंच. "नम्रता, हिला फोनवरून काढ, कॉम्प्युटरवर माहिती भरायला बसव. एवढं शिकवूनही जमत नसेल तर काय करणार?" मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. भिमीचे दिवसही तेव्हाच भरतात.

ती मागच्या वेळची झोळी सारखी डोळ्यांपुढे येते. डोंगरवाट मी पाहिली आहे. उतरायला अर्धा दिवस जातो.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. हॉलमध्ये तिळगूळ वाटला. रविनाने सगळ्यांना दिला, रंजिताला देताना मात्र लाडू टेबलावर ठेवून वळली. रंजिता लाडू हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. त्या दोघींचं काय बिनसलंय, विचारायला हवं.


गुरुवार, १६ जानेवारी

आईचा फोन आला म्हणून उठून जिन्यात गेले. खाली सावळारामशेठ कोणाशी तरी बोलत होते, म्हणून टाकीकडे वर चढले. वरच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीला टेकून रविना बसली होती. पाठमोरी. कानाशी तिचा स्वतःचा मोबाईल. त्याचा आतला आवाज गेलाय, स्पीकरवरच चालतो.

"भिमे, मीच हाय गो. दुसरी कोन नाय."

"मना वाटलं तुला काडली." ते भिमीचं बोलणं होतं. रडत होती. "ती बाय आपली नाय. आपली तब्येत कशी आहे, म्हनते. तुझ्याच आवाजात बोलते आनि तू नसतस. मी घाबरले गो. मागल्या टायमाला पन अशीच बाय बोललेली, कागूद भरून घेतलान आनि गेली."

"मीच व्हती ती. हापिसात तसं बोलाया लागतं."

"का?"

रविना बोटाने टाकीवरचा चुना खरवडत राहिली.

माझ्या हातातल्या फोनमधून आई म्हणत होती, "नमे, आवाज येतो का? नमे? कुठं हायस?"

रविनाने वळून पाहिलं. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. आई तर हाका मारतच होती. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "येतो गो आये, येतो. हितंच हाय, जिन्यात. जेवले मी. तू खाल्लास का?"

रविना माझ्याकडे बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "तुमी पन?"

नंतर आम्ही दोघी त्या पायरीवर बसलो. तिने मग सांगितलं. पंख्यामागे तिचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. त्या खडखडाटात ती आणि तिच्या बायका कुडाच्या घरात बसल्यासारख्या बोलायच्या. गाद्या लागल्यावर, त्यातून रंजिताच्या त्या नकलेनंतर, मधोमध बसून तोंड उघडलं की सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्यात असं वाटायचं. वळत नसल्या तरी.

मी हॉलमधला घुमारा काढला, त्याच्याबरोबर तिचा आडोसाही काढला. आणि वर तिचा हात धरून उजेडात नेऊन बसवलं.

मागची पानं आत्ता चाळली. आईचा फोन जिन्यात घेते, हॉलमध्ये आवाज फार म्हणून. गाद्या लावून महिना होत आला.


शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी आधी पंख्याच्या मागे लागले. सावळारामशेठनी तो पुतण्याकडे खळ्यावर दिला होता, उरलेलं भात वारवायला. "म्हैना झाला न्यायला सांगतस, आता आनायला सांगतस. शिकलेल्या मानसाचं काय खरं नाय!" तरी पुतण्याला पाठवून पंखा आणवला. जाळीत तूस भरलेलं. मी आणि रविनाने पुसला. खडखडाट आता थोडा वाढलाच आहे. तो कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून लावला.

मग मॅडमना फोन केला. म्हटलं, रविना तिच्या बोलीतच बोलेल.

"अगं, पण रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांना ते कळायला नको का?"

"मॅडम, ऐकायचंय भिमीला. तिला कळतं. आणि मला कळतं, मी लिहून देईन तुम्हाला."

त्या मग म्हणाल्या, "तुला कसं कळतं?"

"आमच्या घरी साधारण तसंच बोलतात."

"तू कधी बोलली नाहीस."

"नाय बोलले," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "बरं. महिनाअखेरपर्यंत बघू."

दुपारी आईचा फोन आला. मी उठले, दोन पावलं जिन्याकडे गेले, परत फिरले आणि स्टेजवर माझ्या खुर्चीत बसून घेतला. गाद्यांमुळे घुमारा उरलेला नाही, माझा शब्द न् शब्द शेवटच्या ओळीपर्यंत गेला असणार. म्हैस व्यायली, खरवस धाडते, तुझ्या मैतरणींना पण दे, असं आई सांगत होती आणि मी, "धाड गो, लय जनी हायत आमी, मोठा डबा धाड," म्हणत होते. कान गरम झाले होते.

फोन ठेवला. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. रंजिता वर बघून म्हणाली, "नवरीबाई, खरवस कधी येतो ते सांगा. बाकी आमाला कायबी म्हाईत नाय." मग खाली मान घालून हळूच म्हणाली, "माझी आय पन अशीच बोलते. मी तिला फोनच नाय करत दिवसा."


सोमवार, २० जानेवारी

रविना कोपऱ्यात. पंखा चालू. स्वेटर अंगात.

मी स्टेजवरून बघत होते, ऐकू काही येत नव्हतं. भिंतीकडे तोंड, मान खाली. एकदा हसली. एकदा हात हवेत असा फिरवला की जणू समोर कोणी बसलंय. फोन ठेवून माझ्याकडे आली. "गुरुवारी गाडी पाठवा म्हणते. सासू पण येईल. आणि ताई, तिला विचारायचंय, खोलीत चूल आहे का. दवाखान्यातला चहा तिला चालत नाही."

चूल नाही. पण शेगडी मी नेऊन देईन.

रंजिता उठून कोपऱ्यात गेली होती. दोघी काय बोलल्या ते पंख्यामुळे कळलं नाही. येताना रंजिता डोळे पुसत होती आणि रविनाच्या हातात रंजिताचा डबा होता. संक्रांतीचा लाडू होता म्हणे, तोच, जपून ठेवलेला.


शुक्रवार, २४ जानेवारी

भिमी काल खाली आली. मी आणि रविना शेगडी घेऊन गेलो. खोलीच्या दारात एवढीशी पोर, पोटाला दोन्ही हातांनी धरून उभी. मी "कशी आहेस" म्हणणार होते. म्हटलं, "खाल्लास का गो?"

ती रविनाकडे बघून म्हणाली, "ही कोन? ही आपल्यातली हाय?"

रविना म्हणाली, "आमची साहेब. मुरबाडची हाय, पन चालंल."


मंगळवार, २८ जानेवारी

घाईत लिहितेय, अक्षर बिघडेल.

सकाळपासून कोणाचं कामात लक्ष नव्हतं. भिमीला पहाटे आत नेलं, एवढं कळलं होतं. रविना कोपऱ्यात बसून इतर फोन करत होती, पण प्रत्येक फोन संपला की मोबाईलकडे बघायची. खालून सावळारामशेठसुद्धा दोनदा वर येऊन गेले. "गाद्या बघाया आलो," म्हणाले.

जेवणाच्या थोडं आधी मोबाईल वाजला. रविनाने उचलला आणि उभी राहिली. तोंड हलत होतं, पण त्या खडखडाटात आम्हाला काही कळेना. जना म्हणाली, "काय झालं? काय म्हणतायत?" कोणीच जागचं हललं नाही. मी स्टेजची कड धरून उभी होते. मला पुन्हा ती झोळी दिसायला लागली.

मग रविनाने हात लांब केला आणि पंखा बंद केला.

पाती फिरत फिरत थांबली. तिने मोबाईल उचलून हॉलच्या मधोमध आणला, मी तिला बसवलं होतं त्याच टेबलावर ठेवला. त्यातून बाळाचं रडणं आलं. बारीक, रागावलेलं, दम घेऊन पुन्हा सुरू होणारं. एकाही भिंतीने त्याला परत फेकलं नाही, ते जसं होतं तसं सरळ आमच्यापर्यंत आलं.

"आयकलास का गो, रविने?" भिमी विचारत होती. "आयकलास का?"

रविनाने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

रंजिताच पुढे झाली. टेबलावर वाकून, नक्कल नव्हे, तिच्या आईच्या बोलीत, मोठ्याने म्हणाली, "आयकला गो बाय, आयकला! आमी समद्यांनी आयकला!"

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पोरगा का पोरगी, वजन किती, दूध पितो का, सासू कुठंय, तुला काय खावंसं वाटतं. आठजणींच्या आठ तऱ्हा, आणि भिमी प्रत्येकीला उत्तर देत होती.

पोरगी आहे.

संध्याकाळी हॉल बंद करताना पाहिलं, पंखा तेव्हापासून बंदच राहिला होता. परत लावायचं रविनाच्या लक्षात आलं नव्हतं.